रंग गेला, पण पाणी शुद्ध झाले का?

प्रकाश-उत्प्रेरकांवरचे शोधनिबंध वाचताना एक गोष्ट आमच्या सारखी लक्षात येते. त्यांची प्रस्तावना आणि त्यांतला प्रयोग यांची फारशी ओळख नसते. प्रस्तावनेत नद्या असतात, कारखान्यांचे सांडपाणी असते, मरणारे मासे असतात आणि फुकट मिळणारा सूर्यप्रकाश असतो. दोन पाने उलटली की प्रयोग येतो. चंचुपात्रात पन्नास-शंभर मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाणी, त्यात लिटरला दहा मिलिग्रॅम या हिशेबाने मिथिलीन ब्ल्यू, आणि तळाशी काचपट्टीवर चढवलेला अर्धवाहकाचा पातळ थर. दिवा लावला की दोन-तीन तासांत निळा रंग फिका पडत जातो आणि निबंधाच्या शेवटी निष्कर्ष येतो, की दृश्य प्रकाशात प्रदूषकाचे ९५ टक्के विघटन झाले. पुढे ही बातमी वर्तमानपत्रात जाते तेव्हा चंचुपात्र वाटेत गळून पडते आणि नदी तेवढी शिल्लक राहते.

आम्ही याच विषयाच्या आसपास काम करतो, तेव्हा ही टीका घरातली समजावी. विषय खरा आहे, भौतिकशास्त्र पक्के आहे. आमचा आक्षेप आहे तो मोजमापाला आणि त्या मोजमापावरून काढलेल्या अनुमानाला.

रत्नागिरीत बसून हा आक्षेप घेण्याला कारण आहे. जिल्ह्याच्या खेड तालुक्यात, लोटे परशुरामच्या जांभ्याच्या सड्यावर रासायनिक कारखान्यांची मोठी औद्योगिक वसाहत आहे. तिथल्या सामायिक प्रक्रिया केंद्रातले पाणी नळाने करंबवण्याच्या खाडीकडे नेले जाते, आणि ते पाणी शेवटी वाशिष्ठीच्या मुखाशी, दाभोळ खाडीतच जाते. खाडीत मासे मेल्याच्या तक्रारी तिथल्या मच्छीमारांनी वर्षानुवर्षे केल्या आहेत. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट परिसर तज्ज्ञ गटाने २०११ साली जो अहवाल दिला, त्यात लोट्याची वेगळी दखल घेतलेली आहे. केंद्राला सांडपाण्याचा भार झेपत नसल्याचे आणि दाभोळ खाडीतली मासळी घटल्याचे त्या वेळी त्यात नोंदले गेले. अशा जिल्ह्यात एखाद्या शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात ‘सूर्यप्रकाशाने खाडी स्वच्छ करा’ असा तक्ता लागतो, शेजारी निळ्याची पांढरी झालेली बाटली ठेवलेली असते, आणि पाहुणे कौतुकाने मान डोलावतात. मुलाला वाटते, उपाय सापडला. मोठ्यांनाही तसे वाटून घेणे सोयीचे असते, कारण मग कारखान्याच्या आवारातच सांडपाणी सुधारण्याचा खर्चिक विषय थोडा लांबणीवर पडतो. बाटलीत नेमके काय घडले हे म्हणूनच नीट पाहिले पाहिजे.

दोन मजले आणि एक उडी

अर्धवाहकात इलेक्ट्रॉनांना राहायला दोन मजले आहेत असे समजू. खालचा मजला गच्च भरलेला, वरचा रिकामा, आणि मध्ये जिना नाही. खालच्या मजल्यावरच्या इलेक्ट्रॉनाला पुरेशा ऊर्जेचा प्रकाशकण मिळाला तर तो एका उडीत वर जातो आणि खाली त्याची जागा रिकामी राहते. या रिकाम्या जागेला होल म्हणतात. होल फार हावरा असतो. पृष्ठभागापर्यंत पोहोचला तर तो पाण्याकडून किंवा तेथे चिकटलेल्या सेंद्रिय रेणूकडून इलेक्ट्रॉन ओढून घेतो, म्हणजेच त्याचे ऑक्सिडीकरण करतो. वर गेलेला इलेक्ट्रॉन पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूला दिला जातो. या दोन्ही क्रियांतून हायड्रॉक्सिल मूलकांसारखे अत्यंत क्रियाशील घटक तयार होतात आणि ते रेणूचे तुकडे करत शेवटी कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि साध्या क्षारांपर्यंत नेऊ शकतात. ‘शकतात’ या शब्दाकडे लक्ष असू द्यावे.

दोन मजल्यांमधले अंतर इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये मोजतात. १२४० ला त्या आकड्याने भागले की किती नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश उपयोगी पडेल ते कळते. टायटॅनियम डायऑक्साइडच्या अ‍ॅनाटेज या रूपात हे अंतर ३.२ आहे, म्हणजे मर्यादा ३८८ नॅनोमीटर. डोळ्यांना दिसणारा प्रकाश साधारण ४०० नॅनोमीटरपासून पुढे सुरू होतो, म्हणून या पदार्थाला फक्त अतिनील किरण चालतात. पदार्थ पांढरा दिसतो याचे कारणही तेच.

अकिरा फुजिशिमा आणि केनिची होंडा यांनी १९७२ साली ‘नेचर’मध्ये दाखवले, की टायटॅनियम डायऑक्साइडच्या विद्युतअग्रावर अतिनील प्रकाश टाकला तर पाण्याचे प्राणवायू आणि हायड्रोजन असे पृथक्करण होते. १९७७ साली फ्रँक आणि बार्ड यांनी याच पदार्थाच्या साहाय्याने पाण्यातील सायनाइड प्रकाशात नष्ट करून दाखवले, आणि प्रदूषणाशी या विषयाची गाठ पडली. जाता जाता रत्नागिरीकरांसाठी एक गोष्ट सांगायला हरकत नाही. काळबादेवी, मिऱ्या या भागातल्या किनाऱ्यांवर जी काळी वाळू दिसते, तिच्यात इल्मेनाइट असते. ते लोह आणि टायटॅनियमचे ऑक्साइड असून टायटॅनियम डायऑक्साइड त्यापासूनच काढतात. कच्चा माल पायाखाली आहे. पण वाळूपासून उत्प्रेरकापर्यंतचा कारखाना स्वतःच बरेच आम्ल आणि सांडपाणी निर्माण करतो, हेही सांगितलेले बरे.

सूर्यप्रकाशाच्या ऊर्जेत अतिनील भाग जेमतेम चार-पाच टक्के. उरलेला प्रकाश वाया जातो हे पाहून दृश्य प्रकाशात चालणारा अर्धवाहक शोधण्याची चुरस सुरू झाली, आणि ती रास्तच होती. ५१७ नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश वापरता आला तर उपलब्ध प्रकाशकण साधारण सहापट होतात, आयर्न ऑक्साइडसारख्या तांबूस पदार्थाने त्याही पुढे दहापटीच्या आसपास जाता येते. कागदावर ही वाढ मोहक आहे.

पण अंतर कमी केले की उडीही कमी उंचीची होते, आणि होलची व इलेक्ट्रॉनाची मिळून ताकद घटते. शिवाय प्रत्येक पदार्थाची काहीतरी खोड आहे. आयर्न ऑक्साइड स्वस्त, निरुपद्रवी आणि टिकाऊ. पण त्यात होल अवघे काही नॅनोमीटर सरकतो न सरकतो तोच इलेक्ट्रॉन त्याला गाठतो आणि दोघेही संपतात. प्रकाश पुरता शोषायला शेकडो नॅनोमीटर जाडी हवी आणि होल पृष्ठभागावर पोहोचायला काही नॅनोमीटरच हवी, असा हा पेच आहे. झिंक ऑक्साइड आम्लात आणि अल्कलीत विरघळते, प्रकाशातही झिजते, आणि दृश्य प्रकाश तर ते शोषतच नाही.

कॅडमियम सल्फाइडची गोष्ट थोडी सविस्तर सांगितली पाहिजे, कारण त्याचे पिवळे थर आजही अनेक प्रयोगशाळांत चढवले जातात. त्याचे अंतर २.४, म्हणजे मर्यादा बरोबर ५१७ नॅनोमीटर. प्रकाश उत्तम शोषतो, थर रसायनकुंडात सहज बसतो. परंतु हवेशीर पाण्यात प्रकाश पडला की होल प्रदूषकाऐवजी सल्फाइडलाच खातो आणि कॅडमियम आयन पाण्यात उतरतात. एक चौरस मीटर काचेवर एक मायक्रोमीटर जाडीचा थर आहे असे धरू. त्यात सुमारे ३.७ ग्रॅम कॅडमियम असते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे (२०१२) कॅडमियम लिटरला ०.००३ मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. म्हणजे हा एक थर पुरता विरघळला तर सुमारे बारा लाख लिटर पाणी मर्यादेच्या टोकाला नेण्याइतके कॅडमियम त्यात आहे. जपानमध्ये जिंझू नदीच्या खोऱ्यात कॅडमियमने हाडे ठिसूळ होऊन माणसे ‘इताई-इताई’ म्हणजे ‘दुखते, दुखते’ म्हणून विव्हळत होती. १९६८ साली तेथील सरकारने त्या रोगाचे कारण मान्य केले. पाणी शुद्ध करण्यासाठी या पदार्थाचा थर सुचवणाऱ्या निबंधात, प्रयोगानंतर पाण्यात कॅडमियम किती उतरले याचा आकडा नसेल, तर तो निबंध अपुरा आहे. आमचे मत इतके स्पष्ट आहे.

निळ्या रंगाची साक्ष

आता बाटलीकडे वळू. मिथिलीन ब्ल्यू हा रंग परीक्षेसाठी इतका लोकप्रिय का? स्वस्त आहे, पाण्यात सहज विरघळतो, डोळ्यांना दिसतो आणि साध्या रंगमापकावर मोजता येतो. त्याचे शोषण ६६४ नॅनोमीटरच्या आसपास सर्वाधिक, म्हणजे तो लाल प्रकाश गिळतो आणि म्हणून निळा दिसतो. घोटाळ्याचे मूळही इथेच आहे. ज्या दृश्य प्रकाशात उत्प्रेरकाची परीक्षा घ्यायची, तोच प्रकाश रंगही शोषतो. परीक्षार्थी आणि परीक्षक दोघेही एकाच पेपरात लिहू लागले तर गुण कोणाचे?

प्रकाश शोषून उत्तेजित झालेला रंगाचा रेणू आपला इलेक्ट्रॉन अर्धवाहकाच्या वरच्या मजल्यावर ढकलून देऊ शकतो. अर्धवाहकाने दृश्य प्रकाशातला एकही कण शोषलेला नसतो, तरी रंग मोडतो. रंगाने स्वतःचाच खड्डा खणलेला असतो. त्याच्या जागी रंगहीन फिनॉल किंवा कीटकनाशक असते तर त्याने दृश्य प्रकाश शोषलाच नसता आणि ते जसेच्या तसे राहिले असते. जपानमधील होक्काइदो विद्यापीठाचे बुन्शो ओहतानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली नेमका हाच प्रश्न विचारणारा निबंध लिहिला, आणि दृश्य प्रकाशात चालणाऱ्या उत्प्रेरकाच्या चाचणीला मिथिलीन ब्ल्यू योग्य नाही असा निर्वाळा दिला. पृष्ठभागांच्या चाचणीसाठी मिथिलीन ब्ल्यूचे आंतरराष्ट्रीय मानक २०१० साली निघाले हे खरे, पण ते अतिनील प्रकाशासाठी आहे. दृश्य प्रकाशाच्या दाव्याला त्याचा दाखला देणे म्हणजे एका गावच्या सातबाऱ्यावर दुसऱ्या गावच्या जमिनीचा हक्क सांगणे होय.

दुसरी भानगड अधिक मजेदार आहे आणि ती शाळेत दाखवता येते. कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात ग्लुकोज विरघळवून मिथिलीन ब्ल्यूचे चार थेंब टाकावेत आणि बूच घट्ट लावून बाटली ठेवून द्यावी. थोड्या वेळात ती रंगहीन होते. हलवली की पुन्हा निळी, ठेवली की पुन्हा रंगहीन. (कॉस्टिक सोडा हाताला व डोळ्यांना घातक, तेव्हा हे शिक्षकांनीच करावे.) ग्लुकोजने रंगाच्या रेणूला दोन इलेक्ट्रॉन दिले की त्याचे रंगहीन रूप होते, हवेतल्या प्राणवायूने ते काढून घेतले की निळे रूप परत येते. रेणू मोडलेला नाही, त्याने फक्त सदरा बदलला आहे. अर्धवाहकाच्या वरच्या मजल्यावरचा इलेक्ट्रॉनही हेच काम करू शकतो, विशेषतः पात्र बंद असून त्यात प्राणवायू कमी असेल तर.

इथे एक हिशेब उपयोगी आहे. मिथिलीन ब्ल्यूचा एक रेणू पूर्ण मोडून कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि आम्ले यांत रूपांतरित करायला प्राणवायूचे साडेपंचवीस रेणू लागतात, म्हणजे १०२ इलेक्ट्रॉनांची देवघेव. रंग घालवायला दोन इलेक्ट्रॉन पुरतात. रंग ९५ टक्के गेला यावरून १०२ पैकी किती काम झाले हे सांगता येत नाही. अधल्यामधल्या अवस्थेत रेणूच्या कडेचे मिथिल गट एकेक करून गळतात, शोषणाचे शिखर निळसर बाजूला सरकते, आणि ६६४ नॅनोमीटरवरचा आकडा उतरलेला दिसतो. शिवाय थोडा रंग नुसताच थरावर चिकटून बसतो, थोडा प्रकाशाने आपोआप उडतो.

या सगळ्याला उत्तर नाही असे मुळीच नाही. २००१ साली ‘सायन्स’मध्ये असाही आणि सहकाऱ्यांचा टायटॅनियम डायऑक्साइडमध्ये नायट्रोजन घालून दृश्य प्रकाश वापरण्याचा निबंध आला. या विषयातल्या पुढच्या लाटेचा तो उगम. त्यांनीही थरच वापरले होते आणि मिथिलीन ब्ल्यूही वापरला होता. पण त्याबरोबर अ‍ॅसिटाल्डिहाइड या रंगहीन वायूवरही चाचणी घेतली होती. रंगहीन पदार्थ दृश्य प्रकाश शोषत नाही, म्हणून त्याची साक्ष निर्णायक ठरते. मागून येणाऱ्यांपैकी अनेकांनी यातली सोपी चाचणी उचलली आणि अवघड तिथेच सोडली.

थर हवा, पण कशासाठी

भुकटीऐवजी थर का, हा प्रश्न शिक्षक नेहमी विचारतात. उत्प्रेरकाची भुकटी पाण्यात घोळली की पृष्ठभाग प्रचंड मिळतो, परंतु वीस-पंचवीस नॅनोमीटरचे कण नंतर गाळून काढणे जिकिरीचे. थर काचेलाच चिकटलेला असतो, पाणी ओतून दिले की काम झाले. ही सोय मोठी आहे. तिची किंमत अशी, की आता प्रदूषकाला चालत थरापर्यंत यावे लागते. स्थिर पाण्यात लहान रेणूला नुसत्या विसरणाने एक सेंटिमीटर अंतर कापायला एखादा दिवस लागू शकतो. म्हणून पाणी पातळ पापुद्र्यासारखे थरावरून वाहते ठेवावे लागते, आणि तसे केले की पंप आणि वीज आलीच.

या बाबतीत कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातील सी. एच. भोसले आणि के. वाय. राजपुरे यांच्या प्रयोगशाळेचे काम शिक्षकांनी आवर्जून माहीत करून घ्यावे. तापलेल्या काचेवर क्षाराच्या द्रावणाचा बारीक फवारा मारायचा, की द्रावणातले पाणी उडून ऑक्साइडचा थर काचेवरच तयार होतो. फार महाग यंत्रे नकोत. त्यांनी काच विद्युतवाहक घेतली, म्हणजे थराला बाहेरून थोडा विद्युतदाब देऊन इलेक्ट्रॉन काढून घेता येतात. इलेक्ट्रॉन मागच्या दाराने बाहेर गेला की होलला गाठायला तिथे कोणी उरत नाही. प्रदूषकांचे विघटन त्यांनी अशा थरांवर केले, समुद्राच्या पाण्यावरही त्या गटाचे काम प्रसिद्ध आहे. आम्हांला या पद्धतीचा दुसरा गुण अधिक मोलाचा वाटतो. परिपथातला प्रवाह मीटरवर वाचता येतो. थराने जास्तीत जास्त किती इलेक्ट्रॉनांचे काम केले, याची वरची मर्यादा तो प्रवाह सांगतो. त्यातला काही भाग नुसते पाणी मोडण्यात गेलेला असू शकतो, तरी निळ्या रंगापेक्षा हा साक्षीदार खूपच भरवशाचा.

आता लोट्याचा विचार करू, आणि त्यासाठी पाटी-पेन्सिल पुरेल. टायटॅनियम डायऑक्साइडचा एक चौरस मीटर थर स्वच्छ उन्हात ठेवला. सहा तासांत सरासरी २५ वॅट अतिनील प्रकाश त्यावर पडला असे धरू. ३६० नॅनोमीटरच्या एका प्रकाशकणाची ऊर्जा ५.५ × १०⁻¹⁹ ज्यूल, म्हणून दिवसभरात सुमारे १.६ मोल प्रकाशकण मिळाले. शंभर कणांपैकी एकाने खरे काम केले असे मानले, आणि पाण्यातल्या थराच्या बाबतीत हे कंजूषपणाचे अनुमान नव्हे, तर ०.०१६ मोल इलेक्ट्रॉनांची देवघेव झाली. सांडपाण्यातले सेंद्रिय द्रव्य ज्या मापाने मोजतात, त्या रासायनिक प्राणवायू-मागणीच्या, म्हणजे सीओडीच्या भाषेत एक मोल इलेक्ट्रॉन म्हणजे ८ ग्रॅम. आपल्या थराने दिवसभरात ०.१३ ग्रॅम सीओडी कमी केला.

आपल्याकडे प्रक्रिया करून बाहेर सोडण्याच्या पाण्याला सीओडीची सर्वसाधारण मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम आहे. म्हणजे आधीच प्रक्रिया होऊन मर्यादेत आलेल्या पाण्यातले उरलेसुरले द्रव्य मोडायचे म्हटले, तरी एक चौरस मीटर थर दिवसाला अर्धा लिटर पाणी साफ करील. दहा लाख लिटरला सुमारे १९० हेक्टर काच लागेल. दृश्य प्रकाशामुळे सहापट कण मिळाले आणि तितक्याच टक्क्यांनी कामाला आले, तरी तीस हेक्टरांच्या वर. जून ते सप्टेंबर कोकणात आभाळ भरलेले असते, ते वेगळेच. आणि कारखान्यातून निघणाऱ्या मूळ सांडपाण्यात सीओडी काही हजारांत असू शकतो, ते गडद रंगाचे आणि गढूळ असते, त्यातून प्रकाश थरापर्यंत पोहोचणेच कठीण, आणि त्यातले क्लोराइड व कार्बोनेट हे आयन हायड्रॉक्सिल मूलकांना वाटेतच खाऊन टाकतात. ऊर्ध्वपातित पाण्यात यांतला एकही अडथळा नसतो. जिवाणूंच्या टाक्या कमी जागेत हे काम करतात, आणि जिवाणूंना न पचणारी द्रव्ये मुळातच वेगळी काढावी लागतात. ते काम कारखान्याच्या आतले आहे.

मग हे थर निरुपयोगी का? जिथे घाण थोडी असते, सावकाश येते आणि पृष्ठभाग आधीच मोठा असतो, तिथे ते चांगले काम देतात. पिल्किंग्टन कंपनीने २००१ साली स्वतः स्वच्छ होणारी खिडकीची काच बाजारात आणली. तिच्यावर टायटॅनियम डायऑक्साइडचा अवघा १५ नॅनोमीटरच्या आसपासचा थर असतो. काचेवर बसणारी तेलकट पुटे ऊन हळूहळू मोडते आणि पाऊस धुऊन नेतो. कामाचा आवाका आणि प्रकाशकणांचा पुरवठा यांचा मेळ तिथे बसतो. पिण्याच्या पाण्यातले अत्यल्प सेंद्रिय अंश, बंद खोलीतल्या हवेतले वास, असे प्रश्न याच जातीचे आहेत. खाडीत सुटणारा नळ त्या जातीत बसत नाही.

निबंध वाचताना आम्ही म्हणून टक्केवारी शेवटी पाहतो. आधी पाहतो की थराचे क्षेत्रफळ, पाण्याचे आकारमान आणि पडलेला प्रकाश दिला आहे का. पन्नास मिलिलिटर पाण्यात लिटरला दहा मिलिग्रॅम म्हणजे एकूण अर्धा मिलिग्रॅम रंग. त्याचे ९५ टक्के म्हणजे काय, ते मग कळते. सेंद्रिय कार्बन किंवा सीओडी मोजला आहे का, आणि तोच थर दहाव्या खेपेला तेवढेच काम करतो का, हे त्यानंतर.

प्रदर्शनासाठी प्रकल्प करणाऱ्या विद्यार्थ्यांना हे सगळे छोट्या प्रमाणात करता येते. चार पात्रे घ्यावीत. एकात थर आणि प्रकाश, एकात थर आणि अंधार, एकात नुसता प्रकाश, आणि एकात नुसता अंधार. उन्हात ठेवले म्हणजे दृश्य प्रकाशात झाले असे लिहू नये, कारण उन्हात अतिनील किरण असतातच. पॉलीकार्बोनेटचा पारदर्शक पत्रा बहुतेक अतिनील किरण अडवतो, तो वर धरून पाचवे पात्र ठेवावे. रंगाच्या दुकानातली टायटॅनियमची पांढरी भुकटी बहुधा निराश करील. भिंतीचा रंग उन्हात खराब होऊ नये म्हणून त्या कणांवर सिलिका किंवा अ‍ॅल्युमिनाचे आवरण मुद्दाम चढवलेले असते, तेव्हा रसायनांच्या दुकानातून अ‍ॅनाटेज मागून घ्यावे. ते स्पिरिटमध्ये कालवून खरखरीत केलेल्या काचेवर पसरून वाळवले तरी काम भागते. सुटलेले कण मोजण्यापूर्वी खाली बसू द्यावेत.

निळ्या रंगाच्या जोडीला दुसरा पदार्थ म्हणून ऑक्झॅलिक आम्ल घ्यावे असे आम्ही सुचवतो. (ते विषारी आहे, तोंडाने पिपेट ओढू नये.) ते रंगहीन आहे, मोडले की सरळ कार्बन डायऑक्साइड होते, आणि बारावीच्या प्रयोगशाळेत पोटॅशियम परमँगनेटने त्याचे अनुमापन नेहमीच होते. दर तासाला थोडे द्रावण काढून परमँगनेट किती लागले ते लिहावे. औषधांच्या दुकानात मिळणारे झिंक ऑक्साइड वापरायचा मोह होईल. तसे केले तर अंधारातल्या पात्रातही आम्ल भराभर कमी झालेले दिसेल, कारण झिंक ऑक्साइडशी त्याची नुसती रासायनिक क्रिया होऊन न विरघळणारे झिंक ऑक्झॅलेट तळाशी बसते. ज्या विद्यार्थ्याने अंधारातले पात्र ठेवले नसेल, तो हा साका प्रकाशाच्या खात्यावर मांडून मोकळा होईल.